टाकीखालची चौकट

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी दुकानात रिकामी असते, तेव्हा दोघं जण ती उचलून टेम्पोत चढवतात. दहा मिलिमीटर काचेच्या या टाकीचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. गिऱ्हाईक घासाघीस करतं ती टाकीची, दिव्यांची, फिल्टरची आणि माशांची. स्टँडचा विषय निघतो तो अगदी शेवटी, पैसे काढता काढता: "आणि खाली ठेवायला काय देता?"

आता हिशेब बघा. या टाकीचं घनफळ नऊ घनफूट, म्हणजे २५५ लिटर. वरची दोन इंच जागा मोकळी ठेवली आणि तळाच्या खड्यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर २१० लिटर पाणी राहतं. म्हणजे २१० किलो. तळाला दोन इंच खडे घातले तर त्यांचे चाळीसेक किलो. वर काच, एखाददुसरा दगड, झाकण, दिवा. सगळं मिळून सव्वातीनशे किलो होतात. तांदळाची पन्नास किलोची साडेसहा पोती दिवाणखान्यात चार पायांवर रचून ठेवायची आणि पुढची दहा वर्षं हलवायची नाहीत, असं कोणी म्हटलं तर आपण आधी त्या पायांकडे बघू. फिश टँकच्या बाबतीत मात्र नजर माशांवरच राहते.

पुण्यात रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी असा स्टँड सुताराकडून बनवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या कामाचा माग काढायचं मी ठरवलं. वखार, सुताराचा कारखाना, टाकी जोडणाऱ्याचं दुकान आणि शेवटी त्यांचं घर असा तो माग निघाला. वाटेत जे दिसलं ते अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. वजनाचा आकडा ऐकला की जो तो जाड लाकडाच्या गोष्टी करू लागतो. पण लाकूड वजनाखाली चिरडून स्टँड कोसळल्याचं या धंद्यातल्या एकानंही सांगितलं नाही. स्टँड फसतो तो आडव्या हेलकाव्यानं, पोटात पडलेल्या झोळानं आणि मुरलेल्या पाण्यानं.

हा सगळा भार स्टँडवर आला त्यालाही फार काळ झालेला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत काचेच्या पेट्यांचं वेड शिरलं. त्या पेट्यांना बिडाची चौकट आणि पाटीच्या दगडाचा तळ असे. आपल्याकडेही जुन्या टाक्या अशाच होत्या: लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात पुटीनं बसवलेल्या काचा. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. ते बघून आलेल्या पोरांनी हट्ट धरल्यावर घरोघरी ज्या टाक्या आल्या, त्या याच लोखंडी चौकटीच्या. पुटी वाळून तडकायची, गळती लागायची, गंजाचे ओघळ भिंतीवर उतरायचे. पण एक गुण होता. खालचं टेबल थोडं वाकडं असलं तरी ते लोखंडी चौकट सोसायची, काचेपर्यंत पोचू द्यायची नाही.

सिलिकॉन आलं आणि चौकट गेली. व्हिनेगरसारख्या वासाची ती पेस्ट काचेला काच अशी काही धरते की दुसऱ्या कशाची गरजच उरत नाही. टाकी देखणी झाली, चारी बाजूंनी मोकळी झाली. आणि खालच्या लाकडाचं सगळं बरंवाईट थेट तळाच्या काचेला भोगावं लागू लागलं. काच वाकून घेत नाही. तिच्याखाली वाळूचा एक खडा किंवा वर आलेलं स्क्रूचं डोकं राहिलं, तर सगळा ताण त्या ठिपक्यावर गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो.

टाकी जोडणाऱ्याच्या दुकानात स्टँडचे दोन प्रकार तयार होते. एक वेल्डिंग केलेला लोखंडी अँगलचा, काळा रंग मारलेला. दुसरा कपाटासारखा, दारं असलेला, वरून लाकडासारखा दिसणारा. लोखंडी स्टँडबद्दल दुकानदाराला काही म्हणायचं नव्हतं. "मजबूत आहे. फक्त वेल्डिंगवाल्यानं गुण्या लावला का ते बघायचं. एक पाय आखूड असला की संपलं." कपाटाबद्दल मात्र त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, हे पार्टिकल बोर्ड आहे. भुसा आणि गोंद. दोन फुटी टाकीला चालतं. चार फुटी मागितली तर मीच नको म्हणतो." त्यानं मागच्या खोलीतून परत आलेलं एक कपाट दाखवलं. वरून लॅमिनेट चकचकीत होतं. खालच्या कडेला बोट लावलं तर बोर्ड ओल्या खारीसारखं भुसभुशीत होऊन हातात आलं. फरशी पुसताना रोज थोडं थोडं पाणी लागत गेलं होतं, इतकंच.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानावरही. दारात परदेशी पाइनच्या फळ्या, आत आफ्रिकेतून आणि म्यानमारकडून आलेलं सागवान, आणि कोपऱ्यात ज्याला वखारवाले नुसतं 'सीपी' म्हणतात ते जुन्या मध्य प्रांताच्या नावाचं सागवान. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हा माल बल्लारशाच्या डेपोतून येतो. अल्लापल्लीच्या सागाचं नाव घेताना वखारवाल्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो देवगडचा हापूस विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. अयोध्येच्या मंदिराची दारं याच भागातल्या सागाची आहेत, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि मग भाव सांगतो.

प्राध्यापिकाबाईंना मात्र जुनं लाकूड हवं होतं. पुण्यातले वाडे पडत गेले तशा त्यांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी बाजारात आल्या. शंभर-सव्वाशे वर्षं छपराखाली वाळलेलं सागवान नव्यानं कसलाच खोडसाळपणा करत नाही. जे आकसायचं, पिळायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. नव्या, पुरतं न वाळलेल्या लाकडाची मोठी भीती हीच असते. आज गुण्यात बसवलेला पाय सहा महिन्यांनी पीळ खातो आणि चार पायांपैकी तीनच भार घेतात. जुन्या तुळईत वाईट एवढंच की आत लोखंडी खिळे गाडलेले असतात. वरून काही दिसत नाही आणि यंत्राच्या करवतीचं पातं जातं. वखारीतल्या पोरानं दोरीला बांधलेलं लोहचुंबक तुळईवरून सावकाश फिरवलं. दोन ठिकाणी ते चिकटलं, तिथं त्यानं खडूनं फुल्या मारल्या. शिवाय टोकाचा हातभर भाग तोडूनच द्यायला सांगितला, कारण भिंतीत गाडलेली टोकं वाळवीनं पोखरलेली निघतात. बाहेरून ठणठणीत, आत माती.

जाडीचा प्रश्न वखारीतच निघाला. "पाय चार इंची घ्या, ताई. हत्ती उभा केला तरी चालेल," वखारवाला म्हणाला. विकणारा दुसरं काय म्हणणार! पण गणित तसं सांगत नाही. अडीच इंच बाय अडीच इंच असे चार पाय घेतले तर त्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं १६० चौरस सेंटिमीटर. सव्वातीनशे किलो त्यांवर वाटले तर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो येतात. वाळलेलं सागवान रेषेच्या दिशेनं दाबलं तर चिरडायला दर चौरस सेंटिमीटरला पाचशे किलोच्या आसपास दाब लागतो. म्हणजे अडीच इंची पायसुद्धा गरजेच्या कैक पट जास्त आहे. चार इंची पाय घेऊन वाढते ती फक्त वखारवाल्याची दिवाळी.

जपायचं ते आडव्या पट्ट्यांना. टाकीच्या पुढच्या आणि मागच्या कडेखाली ज्या दोन लांब पट्ट्या येतात, त्या प्रत्येकीवर एकशेसाठ किलो भार असतो आणि खाली चार फूट मोकळे. सागवानाची सव्वा इंच जाड आणि तीन इंच उंच पट्टी अशी ठेवली, तर मधोमध पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास झोळ पडतो. तीच पट्टी उंचीवर न ठेवता आडवी पाडली, तर झोळ जवळजवळ सहा पट. उंची तीनवरून चार इंच केली की झोळ एक मिलिमीटरच्या जरा वर राहतो, कारण ताठपणा उंचीच्या घनानं वाढतो. आणि मध्ये एक जास्तीचा पाय दिला, की झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे जवळपास नाहीच. लाकूड दुप्पट जाड करण्यापेक्षा ते उभं धरणं आणि मध्ये टेकू देणं किती स्वस्त आहे, ते यातून कळावं. शिवाय लाकडाचा एक स्वभाव असा, की सतत भाराखाली ते हळूहळू आणखी वाकत राहतं. पहिल्या दिवसाचा झोळ हा शेवटचा नसतो.

दोन-तीन मिलिमीटरनं काय होतं? काचेची टाकी लाकडाबरोबर वाकत नाही. पुढची आणि मागची काच उभ्या तुळईसारखी ताठ राहते, पट्टी मात्र खाली जाते. मधला आधार सुटतो आणि सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो. तळाच्या काचेच्या आणि सिलिकॉनच्या सांध्यावर ताण येतो तो तिथून. तो सांधा त्या दिवशी बोलत नाही. दोन पावसाळे काढतो आणि मग एखाद्या रात्री घरचे गावाला गेलेले असताना बोलतो.

सुताराचा कारखाना म्हणजे नाना पेठेतला एक अरुंद बोळ, त्यात पत्र्याची शेड. वडील सत्तरीकडे झुकलेले, हातात पटाशी. मुलगा मॉड्युलर किचनची कामं करतो, मोबाइलवर नकाशे काढतो. स्टँडवरून बापलेकांची जुंपली ती ऐकण्यासारखी होती.

मुलाचं म्हणणं: पाय कशाला हवेत? एकोणीस मिलिमीटरच्या प्लायचं खोकं करू. दोन बाजू, एक पाठ, मध्ये एक उभा पडदा, वर-खाली फळी. एका दिवसात काम.

वडील म्हणाले, "प्लाय म्हणजे पापड. कडेनं पाणी प्यायला की संपला. ताई, चौकटच करू. कुसू काढून."

मला वाटलं होतं की जुन्या कारागिराचं खरं आणि नव्या पोराचं खोटं, असा हा सामना निघेल. तसं झालं नाही. मुलगा बऱ्याच अंशी बरोबर होता. नुसत्या पायांच्या आणि पट्ट्यांच्या चौकटीला बाजूनं ढकललं तर ती तिरकी व्हायला बघते. चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो, आणि टाकीचा सव्वातीनशे किलोंचा भार या तिरकेपणाला मदतच करतो. एखादं पोर दाराला लोंबकळलं, सोफा सरकवताना धक्का बसला, गणपतीत खाली ढोलपथक थांबलं, की प्रत्येक वेळी सांधा केसभर हलतो. महाराष्ट्रानं १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेला आहे, तेव्हा जमीन कधी हलणारच नाही असंही कोणी म्हणू नये. उलट पाठीला प्लायचा अखंड पत्रा चारी बाजूंनी चिकटवून, स्क्रू मारून बसवला तर चौकट तिरकी व्हायला जागाच राहत नाही. आठ-दहा मिलिमीटरचा पत्राही पुरतो. ताणाची दिशा पत्र्याच्या अंगात असते आणि त्या दिशेनं तो फार बळकट असतो.

शेवटी बाईंनीच निवाडा केला. चौकट सागवानाची, पाठ आणि दोन्ही बाजू प्लायच्या. वडील थोडे खट्टू झाले, पण प्लाय निवडायला स्वतः गेले. दुकानदारानं पुढं केलेल्या फळीवरचा शिक्का वाचला आणि ती बाजूला सारली. "आयएस ३०३ नको, ७१० दाखव." आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचा तुकडा बहात्तर तास पाण्यात उकळून त्याचे थर सुटतात का ते तपासलं जातं. ३०३ घरच्या सामान्य फर्निचरसाठी असतो. शिक्का खोटाही मारलेला असतो, म्हणून म्हातारबुवांनी फळीची कड डोळ्यासमोर धरली, थरांमध्ये पोकळी आहे का ते पाहिलं आणि बोटांच्या पेरांनी सगळ्या पाठीवर ठोकून आवाज ऐकला.

चौकटीचं काम बघायला मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो. पायांच्या वरच्या टोकाला कुसवं काढून झाली होती: तीन अष्टमांश इंच जाड, दोन इंच लांब. पट्टीत तेवढीच भोकं. पटाशीनं भोकाची भिंत साफ करताना म्हातारबुवा मध्येच थांबून कुसू घालून बघायचे, काढायचे, एक पापुद्रा आणखी उतरवायचे. कुसू हातानं निम्मं जावं आणि बाकीचं लाकडी हातोड्याच्या दोन टोल्यांत बसावं, हे त्यांचं माप. "सैल बसलं तर फेव्हिकॉल भरून काय उपयोग? फेव्हिकॉल सांधत नाही, सांधा असेल तर धरतो." डबाही त्यांनी मरीनचा मागवला होता. साधा पांढरा फेव्हिकॉल ओलाव्यानं मऊ पडतो, आणि हे काम तर टाकीखालचं.

सांध्याची रचना मात्र बघण्यासारखी होती. पट्टी पायाच्या बाजूला स्क्रूनं ठोकलेली नव्हती. ती पायाच्या खांद्यावर बसली होती, म्हणजे टाकीचा भार लाकडावरून लाकडावर सरळ खाली उतरत होता. बाजारातल्या कित्येक स्टँडमध्ये पट्टी पायाला आडवी टेकवून दोन स्क्रू मारलेले असतात आणि मग सव्वातीनशे किलो आठ-दहा स्क्रूंच्या मानेवर येतात. स्क्रूचं काम धरून ठेवण्याचं. पेलण्याचं काम त्याला द्यायचं नाही. आणखी एक फायदा असा: लाकूड पावसाळ्यात फुगतं ते रुंदीला. लांबीला ते जवळजवळ बदलत नाही. उभ्या पायातून भार उतरला तर जुलैतली आणि मेमधली टाकीची पातळी तीच राहते.

चौकट जुळल्यावर शिकंजे आवळले गेले. मग म्हातारबुवांनी एका काठीवर कर्ण मापला. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात काठी धरून पेन्सिलीची खूण केली. तीच काठी दुसऱ्या कर्णाला लावली. खूण कोपऱ्याच्या बाहेर पाव इंच गेली. त्यांनी मापपट्टी काढलीच नाही. एक शिकंजा सैल केला, तिरका लावला, पुन्हा आवळला. काठी पुन्हा लावली. आता खूण बरोबर टोकावर. दोन कर्ण सारखे झाले की चारही कोपरे काटकोनात आले, हे भूमितीत आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ते काठीवरच्या एका रेषेवर विसंबून होते. कुसवांत आरपार भोक पाडून बांबूच्या मेखा ठोकल्या गेल्या, त्या भोकापासून केसभर सरकवलेल्या, म्हणजे मेख ठोकताना सांधा आणखी आत ओढला जावा. मुलगा शेजारी उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. इन्स्टाग्रामवर टाकायला.

वरच्या चौकटीची पातळी हा शेवटचा भाग. चारी पट्ट्यांच्या वरच्या कडा एका सपाटीत हव्यात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघायचं आणि जिथं पट्टी टेकते तिथं रंधा मारायचा. आडवी, उभी आणि तिरपी, अशी पट्टी फिरवत हे काम अर्धा दिवस चाललं. मग वर एकोणीस मिलिमीटरचा प्लाय बसला. त्यावर टाकीखाली घालायला दहा मिलिमीटरचा काळा फोम आला. फोमनं बारीकसारीक खडबडीतपणा झाकला जातो, वाकडेपणा झाकला जात नाही. आणि ज्या टाक्यांच्या तळाला प्लास्टिकची चौकट असते, त्यांच्याखाली फोम घालायचाच नसतो. त्यांची तळकाच अधांतरी असते आणि फोम तिला खालून नको तिथं रेटतो.

स्टँड तयार व्हायच्या आधी घरात जागेवरून चर्चा झडली. वास्तुशास्त्र मानणाऱ्या नणंदबाईंनी ईशान्य कोपरा सांगितला. ईशान्येला बाल्कनी होती. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली, एका बाजूनं अधांतरी. तिथं एवढं वजन ठेवायचा विचारही नको, शिवाय उन्हानं शेवाळ माजेल ते वेगळंच. स्ट्रक्चरल इंजिनिअर असलेल्या एका परिचितानं हिशेब मांडून दिला. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे राहत्या घराच्या खोलीत दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास वापरातला भार धरतात. स्टँडसकट टाकीचे पावणेचारशे किलो अर्ध्या चौरस मीटरच्या जरा वरच्या जागेवर येतात. म्हणजे तेवढ्या तुकड्यावर तिपटीहून जास्त. पण स्लॅब तुकड्यातुकड्यानं भार घेत नाही. दहा बाय बाराच्या खोलीसाठी एकूण धरलेला भार दोन टनांच्या वर असतो, आणि टाकी खोलीच्या मध्यात न ठेवता बीमलगत, भिंतीशी ठेवली तर धडधाकट आरसीसी स्लॅबला ती जाचत नाही. खालच्या मजल्यावर छताचे पोपडे निघालेले असतील, सळ्या दिसत असतील, तर मात्र टाकी सोडाच, आधी स्लॅब बघावी. जुन्या वाड्यात किंवा चाळीत लाकडी तुळयांची जमीन असेल, तर टाकी तुळयांना आडवी ठेवायची, म्हणजे भार एकीवर न पडता तीन-चार तुळयांत वाटला जातो.

स्टँड नैर्ऋत्येच्या भिंतीला बीमखाली गेला. नणंदबाईंनी मौन पाळलं.

सुताराच्या मुलाला खाली फिरवून उंची बदलता येणारे लोखंडी पाय हवे होते. तिथं वडिलांचं बरोबर निघालं. चार-सहा ठिपक्यांवर भार आला आणि खालची एखादी टाइल पोकळ निघाली, तर ती तडकते. त्यांनी आधी काठीनं टाइला ठोकल्या. एकीचा आवाज डबडब आला. म्हणून खालची चौकटही अखंड, पूर्ण टेकणारी केली. तिच्या तळाला आणि पायांच्या कापलेल्या टोकांना पॉलिश करायच्या आधी सीलरचे तीन हात दिले, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. आतल्या बाजूला, दाराच्या मागे, तारांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांनाही पीयू पॉलिश लागलं. दिसत नाही ती बाजू कोरडी सोडायची, ही आपल्या फर्निचरवाल्यांची जुनी सवय. टाकीच्या स्टँडमध्ये ओल तिथूनच शिरते.

पाणी कुठून येतं? फिल्टरच्या नळीवरून, झाकणावर जमलेल्या थेंबांतून, पाणी बदलताना सांडून. विजेच्या वायरवरून ओघळत ते थेट प्लगमध्ये उतरू शकतं. म्हणून वायर प्लगच्या खाली झोक देऊन मग वर न्यायची. थेंब त्या झोकाच्या तळाला गळून पडतो. बाईंनी या सॉकेटसाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, वेगळा बसवून घेतला. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाई, यावर त्यांनी चर्चा होऊ दिली नाही. टाकीखाली दुसरी टाकी, म्हणजे सम्प, ठेवणाऱ्यांनी तर वीज जाण्याचा हिशेब आधी करायचा. पंप थांबला की वरचं काही लिटर पाणी नळीतून खाली उतरतं आणि खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल तर ते स्टँडच्या फळीवर येतं. आपल्याकडे वीज जाणं हा अपघात नाही, दिनक्रम आहे.

टाकी चढवायच्या आधी बाईंनी फोमवरून हात फिरवला आणि एक बारीक खडा उचलून बाजूला टाकला. मग पाणी भरायला सुरुवात झाली, तीही एका दमात नाही. तिसरा हिस्सा भरून रात्रभर थांबायचं, असं ठरलं होतं. बाटलीतल्या बुडबुड्यानं स्टँड समपातळीत असल्याचं आधी सांगितलं होतं. पण चार फुटांवर पाण्यासारखी पाणसळ दुसरी नाही. सकाळी वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मापलं, तर उजवीकडे पाणी चार मिलिमीटर वर. म्हणजे उजवी बाजू खाली होती. पोकळ टाइलची हीच ती बाजू.

मुलानं बाहेरून पाचर मारू असं सुचवलं. वडील एकच शब्द बोलले: "खाली." नळी लावून सगळं पाणी बादल्यांत उतरवलं गेलं. खडे काढले. टाकी दोघांनी उचलून गादीवर ठेवली. मग सागवानाची लांब, निमुळती पट्टी खालच्या चौकटीखाली, उजव्या बाजूला पूर्ण रुंदीभर सरकवली गेली. पाचर टाकीच्या आणि स्टँडच्या मध्ये कधीच घालायची नसते, स्टँडच्या आणि जमिनीच्या मध्ये घालायची. आणि भरलेल्या टाकीखाली तर काहीच ठोकायचं नसतं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा दोन्हीकडचं माप एक आलं.

पाणी भरून झालं, झाडं लावून झाली, दिवा लागला. नातवानं विचारलं, मासे कधी? दुकानदारानं महिना सांगितला होता. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. त्याच्या आत मासे सोडले तर ते मरतात आणि लोक म्हणतात पाणी लागलं नाही. नातू रुसला. म्हातारबुवांनी जाता जाता दाराच्या दोन पल्ल्यांमधली फट दाखवली. वरपासून खालपर्यंत सारखी, नखाएवढी. "ताई, ही बघत जा. वर बारीक आणि खाली मोठी झाली, की चौकट हललीय. मला फोन करा, पाणी काढून ठेवा." बिलातले हजार रुपये त्यांनी तेवढ्यासाठी बाकी ठेवायला सांगितले, पावसाळा संपल्यावर द्या म्हणाले. मुलाला ते अजिबात आवडलं नाही.